गळ्यातल्या कार्डाविषयी थोडं बोलू या



जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या, बूट, रेनकोट यांच्या जोडीला हल्ली आणखी एक वस्तू घरात येते. प्लॅस्टिकचं, फोटो असलेलं, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. दिसायला ते आपल्या ओळखीचंच असतं. सोबतच्या परिपत्रकात मात्र लिहिलेलं असतं, की या वर्षीपासून हे ‘स्मार्ट’ कार्ड आहे. मूल फाटकातून आत गेलं की तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल. त्यासाठीची रक्कम वर्गशिक्षिकेकडे जमा करावी आणि खालच्या संमतीपत्रावर सही करून पाठवावी. डबा भरता भरता आपण सही करतो आणि कागद दप्तराच्या पुढच्या कप्प्यात सारतो.

त्या सहीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि दोन मुलांची आई आहे, त्यामुळे या कार्डाकडे मला दोन्ही अंगांनी पाहावं लागतं. कार्ड घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण ते काय करतं, काय करत नाही आणि त्यातून साठणारी माहिती कुणाच्या हाती जाते, एवढं तरी सही करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

या तंत्राचं नाव आरएफआयडी. नाव नवखं वाटलं तरी वस्तू घरोघरी आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा आरएफआयडी टॅगच. मेट्रोचं कार्ड, हॉटेलच्या खोलीची प्लॅस्टिकची किल्ली, मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांच्या छातीवरच्या क्रमांकामागे वेळ मोजण्यासाठी लावलेली पट्टी, वाचनालयातल्या पुस्तकात चिकटवलेला चौकोनी स्टिकर, पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली टोचलेली बारीकशी चिप, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. अमरनाथ आणि वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना २०२२ पासून गळ्यात घालायला दिली जाणारी कार्डंही त्यातलीच.

यातल्या बहुतेक कार्डांत बॅटरी नसते. एक चिप आणि तिच्याभोवती तारेची अँटेना, बस्स. मग ते बोलतं कसं? लहानपणी आपण आरशाच्या तुकड्याने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो, आठवतं? उजेड सूर्याचा, आरसा आपला; हात आडवा धरून तो झाकला-उघडला की पलीकडच्या मित्राला खूण कळायची. कार्डाचं तसंच. वाचणारं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्यांतूनच चिपला पुरेल एवढी वीज मिळते आणि चिप त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक सांगते. कार्डाला स्वतःहून काही बोलता येत नाही आणि कुणी विचारलं तर गप्पही बसता येत नाही. गोपनीयतेचा सगळा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीतून येतो.

आता कितीवरून वाचता येतं, ते पाहू. मेट्रोच्या कार्डासारखं कार्ड असेल, तर यंत्राला जवळजवळ टेकवावं लागतं. फास्टॅगच्या जातीचं असेल, तर काही मीटरवरून वाचलं जातं. म्हणून तर टोलनाक्यावर काच खाली करावी लागत नाही. आणि आत बॅटरी असलेलं, जरा जाड कार्ड असेल, तर त्याचा आवाका आणखी मोठा. शाळा या तिन्हींपैकी काहीही वापरू शकते आणि परिपत्रकात नुसतं ‘स्मार्ट कार्ड’ एवढंच लिहिलेलं असतं. फरक मात्र मोठा आहे. मुलाने स्वतः कार्ड टेकवलं, तर आपली नोंद झाली हे त्याला कळतं. दाराच्या चौकटीतलं यंत्र दुरूनच वाचत असेल, तर मूल ग्रंथालयात किती वेळ होतं, मधल्या सुट्टीत कुठल्या जिन्याने गेलं, स्वच्छतागृहाकडे किती वेळा गेलं, हे सगळं त्याच्या नकळत टिपलं जाऊ शकतं.

स्वच्छतागृह हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सटर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ब्रिटन एलिमेंटरी या शाळेने जानेवारी २००५मध्ये बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या सुमारे ६०० मुलांच्या गळ्यात असे बिल्ले घातले. बिल्ल्यावर नाव, इयत्ता, फोटो आणि आत चिप. सातवी-आठवीच्या वर्गांच्या दारांवर वाचणारी यंत्रं बसवली होती आणि स्वच्छतागृहांच्या दारांवरसुद्धा. हजेरी पटकन व्हावी, हा उद्देश सांगितला गेला. पालकांना आधी कुणी विचारलं नव्हतं. बिल्ला घालायला नकार देणाऱ्या मुलांवर शिस्तभंगाची कारवाई होईल, असंही बजावलं गेलं. मग काही पालकांनी चौकशी सुरू केली, तेव्हा कळलं, की हे तंत्र बनवणाऱ्या स्थानिक कंपनीने शाळेला पैसे दिले होते आणि पुढे इतर शाळांत विक्री झाली, तर त्यातला वाटा देण्याचंही कबूल केलं होतं. म्हणजे मुलं हजेरी देत होती आणि सोबत कंपनीच्या मालाची चाचणीही. पालक सभेत उभे राहिले, नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संघटना त्यांच्या बाजूने आल्या आणि फेब्रुवारीत कंपनीने आपली यंत्रं काढून नेली. सगळं महिन्याभरात संपलं. गाव लहान होतं, पालक एकमेकांना ओळखत होते, याचा उपयोग झाला असणार.

दुसरी गोष्ट टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. तिथल्या नॉर्थसाइड शिक्षणमंडळाने २०१२मध्ये दोन शाळांतल्या सुमारे ४,२०० विद्यार्थ्यांना बॅटरीवाली ओळखपत्रं दिली. कारण ऐकण्यासारखं आहे. तिथे राज्य सरकारचं अनुदान रोज सकाळच्या हजेरीवर ठरतं. मूल इमारतीत आहे, पण हजेरीच्या वेळी बाकावर नाही, उपाहारगृहात रेंगाळतंय, तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. ते परत मिळवण्यासाठी मूल इमारतीत नेमकं कुठे आहे, हे दाखवणारी व्यवस्था हवी होती. पालकांना सांगताना अर्थातच सुरक्षितता पुढे केली गेली. एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणावरून कार्ड नाकारलं. चिप काढलेलं कार्ड घाल, असा मधला मार्ग शाळेने सुचवला. तोही कुटुंबाने नाकारला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१३मध्ये न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला. एवढं जिंकूनही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिक्षणमंडळाने ही योजना गुंडाळली. हजेरीत म्हणावी तशी वाढ झालीच नव्हती.

या दोन्ही गोष्टींत मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र कशासाठी बसवलं आणि पालकांना काय सांगितलं, यांत अंतर होतं. आपल्याकडेही ते असू शकतं. शिक्षकांचा हजेरीचा वेळ वाचावा, हा काही वाईट हेतू नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग असेल तर तो अगदी रास्त आहे. पण मग तसं सांगावं. सुरक्षिततेचं नाव घेतलं, की पालकाचं तोंड बंद होतं. ‘तुम्हाला तुमच्या मुलाची काळजी नाही का?’ या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार?

म्हणून सुरक्षिततेचं जरा नीट बघू. बऱ्याच पालकांना वाटतं, की या कार्डामुळे मूल कुठे आहे ते नकाशावर दिसतं. दिसत नाही. ते काम जीपीएसचं. आरएफआयडी कार्ड फक्त यंत्रासमोरून गेल्याची नोंद करतं. व्हॅनमध्ये चढलं, बारा चाळीस, एवढंच. त्यानंतर व्हॅन कुठे अडकली, मूल कुठल्या वळणावर उतरलं, हे त्याला ठाऊक नसतं. आणि जे नोंदवलं जातं, तेही कार्ड. कार्ड म्हणजे मूल नव्हे. व्हॅनवाले काका घाईत असले, की सगळ्यांची कार्डं गोळा करून एकदम टेकवतात. सातवी-आठवीतली मुलं एकमेकांची कार्डं टेकवतात, ही तर त्यांच्या लेखी मैत्रीतली साधी गोष्ट. उलट बाजूही आहे. दुरून वाचायच्या कार्डाच्या लहरी धातूवरून परततात आणि पाण्यात शोषल्या जातात. दप्तरात ते स्टीलच्या डब्यामागे किंवा भरलेल्या पाण्याच्या बाटलीला चिकटून राहिलं, तर यंत्राला सापडत नाही. मूल वर्गात बसून पाढे म्हणतंय आणि ऑफिसात आईच्या मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे’. शाळेचा फोन लागत नाही. त्या आईची पुढची वीस मिनिटं कशी जातात, ते मी वेगळं सांगायला नको.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर जे अत्याचार झाले, त्यानंतर आपण सगळेच हादरलो. शाळाशाळांत कॅमेऱ्यांचे आदेश निघाले, पालकांनी हे कार्डही मागितलं. त्या मागणीमागची भीती खरी आहे, मीही ती अनुभवली. पण शांतपणे पाहा. त्या मुली शाळेतच होत्या. असं कार्ड त्यांच्या गळ्यात असतं, तर त्याने ‘हजर’ एवढंच सांगितलं असतं. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाशी बाई मदतनीस असणं, कर्मचाऱ्यांची नेमणुकीआधी चौकशी होणं, मुलीने सांगितलेलं मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी ऐकून घेणं, ही कामं माणसांची आहेत आणि त्यांना पैसे लागतात. कार्ड आणलं की ती झाली, असं शाळेला वाटू लागलं, तर कार्डाने आपलं नुकसानच केलं.

कार्डाचे खरे उपयोगही मी पाहिलेत. स्कूलबस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली का, की मागच्या बाकावर बालवाडीतलं कुणी झोपून राहिलंय, हे चढता-उतरतानाच्या नोंदींवरून मदतनीस बाईंना लगेच कळतं. हा उपयोग मला सगळ्यांत पटतो. स्वमग्न मूल असेल, आपलं नाव-पत्ता सांगू न शकणारं मूल असेल, तर त्याच्या आईबापांना दारावरच्या नोंदीचा केवढा आधार वाटतो, हे त्यांनाच विचारावं. ग्रंथालयात तर हे तंत्र फारच छान बसतं. पुस्तकांचा गठ्ठा ठेवला की एका दमात नोंद. आणि ग्रंथपालांनी यात शहाणपणही दाखवलंय. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २००५ सालीच या तंत्रासंबंधी ठराव करून वाचकांच्या गोपनीयतेचा मुद्दा मांडला होता. पुस्तकाच्या टॅगमध्ये फक्त क्रमांक असावा, वाचकाचं नाव त्यात कधीही नसावं, हा तिथला साधा नियम. शाळेच्या कार्डालाही तो लावता येतो.

आता त्या चिपमध्ये काय असतं, ते बघू. बहुतेक कार्डांत एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक कुणाचा, ही माहिती शाळेच्या किंवा कंत्राटदार कंपनीच्या संगणकावर. ही पद्धत ठीक. पण काही ठिकाणी नाव, जन्मतारीख, पालकाचा मोबाइल क्रमांकही चिपमध्येच भरतात. तुमच्या फोनमध्ये एनएफसीची, म्हणजे कार्ड टेकवून वाचण्याची, सोय असेल, तर फोनच्या पाठीशी कार्ड धरून पाहा. टेकवायच्या जातीचं असेल तर बहुधा चिपचा क्रमांक दिसेल. तुम्हाला दिसतो तसा तो कुणालाही दिसतो. जगभर खूप वापरली गेलेली मायफेअर क्लासिक नावाची एक चिप आहे. तिची कुलूपबंद व्यवस्था कच्ची असल्याचं २००७-०८मध्ये संशोधकांनी उघड केलं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचा शोधनिबंध छापला जाऊ नये, म्हणून उत्पादक कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने बंदी घालायला नकार दिला. तेव्हापासून त्या चिपवर भरवसा ठेवू नये हे सर्वांना माहीत आहे, तरी स्वस्त म्हणून ती अजून वापरात दिसते. अशा कार्डाची हुबेहूब नक्कल करता येते.

नीट करायचं ठरवलं, तर होतं. आपल्या नव्या ई-पासपोर्टचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२४मध्ये त्याची चाचणी ज्या शहरांपासून सुरू झाली, त्यांत आपलं नागपूर होतं. त्याच्याही कव्हरात अशीच चिप आहे. पण पासपोर्ट उघडून आतल्या पानावरच्या छापील ओळी यंत्राने आधी वाचल्याशिवाय ती चिप आपली माहिती देत नाही. खिशातल्या बंद पासपोर्टमधून कुणी ती काढून घेऊ नये, याची ही तजवीज. शाळेच्या कार्डावर एवढा खर्च कुणी करणार नाही, हे मान्य. मग त्यात भरायची माहिती तरी कमी करावी.

आणि एक गोष्ट तर चिपशी संबंधितच नाही. तुमच्या मुलाचं कार्ड आत्ता हातात घेऊन पाहा. नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख, रक्तगट, घरचा पत्ता, आईचा आणि बाबांचा मोबाइल. हे सगळं वाचायला यंत्र लागत नाही, बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पुरतात. मुलाला नावाने हाक मारून ‘तुझ्या बाबांनी पाठवलंय’ म्हणणाऱ्या माणसाला लागणारी सगळी सामग्री आपण त्याच्या गळ्यात लटकवतो. माझ्या मते, चिपपेक्षा हा धोका मोठा आहे आणि उपाय फुकटचा आहे: पुढच्या बाजूला फक्त शाळेचं नाव आणि फोटो, तातडीसाठी शाळेचा फोन क्रमांक, बाकी काही नाही. शाळा सुटल्यावर कार्ड दप्तरात ठेवायची सवय तर आजपासून लावता येईल.

इतिहासातला एक किस्सा इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४५मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं त्याच्याच देशाचं राजचिन्ह भेट दिलं. मुलांची भेट, कोण संशय घेणार? ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं. आत चोरून ऐकणारं एक यंत्र होतं: बॅटरी नाही, वायर नाही, बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं परतणाऱ्या लहरींवर स्वार होऊन बाहेर जायचं. लिऑन थेरेमिन या शास्त्रज्ञाने ते बनवलं होतं. सात वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आजच्या बिनबॅटरीच्या टॅगचं मूळ अनेकजण तिथपर्यंत नेतात. तुमच्या मुलाचं कार्ड बोलणं ऐकत नाही, त्याची काळजी नको. किस्सा एवढ्यासाठी आठवला, की मुलांच्या हातून आलेली वस्तू मोठी माणसं तपासत नाहीत, हे पूर्वीपासून असंच आहे.

आता साठलेल्या माहितीकडे येऊ. चिपपेक्षा खरी काळजी तिची. कार्ड सहसा शाळा बनवत नाही, बाहेरची कंपनी बनवते. मेसेज तिच्या संगणकावरून येतात, ॲप तिचं असतं. एका वर्षात तिच्याकडे काय जमतं, पाहा. मुलाचं नाव, फोटो, पत्ता. रोज घरातून निघायची आणि परतायची वेळ. कुठल्या दिवशी आजारी, कुठल्या दिवशी सुट्टी. आईचा फोन, बाबांचा फोन, क्वचित आजोबांचाही. मे महिन्यात कुटुंब गावी गेलंय, हेसुद्धा त्यातून कळतं. उद्या शाळेने कंपनी बदलली, तर जुन्या कंपनीकडच्या या नोंदींचं काय होतं? आणि तुमच्या फोनवर आठवीच्या फाउंडेशन क्लासची जाहिरात बरोबर जूनमध्येच कशी येते? दर वेळी कार्डच जबाबदार असेल असं नाही. पण विचारायला हवं.

कायदा काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. त्यातली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू होणार आहेत. कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल. मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला बंदी. वाचून बरं वाटतं. पण नियमांत काही संस्थांना यातून सूट आहे आणि शाळा त्यांत आहेत. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेला मुलांचा माग ठेवता येतो. शाळेने नेमलेल्या वाहतूकदारालाही प्रवासात मूल कुठे आहे ते पाहता येतं. तेवढ्यापुरती पालकांची ती खास संमतीही सक्तीची राहत नाही.

ही सूट देण्यामागचं कारण मला समजतं. दर फेरीला बसचालकाने पालकांची सही मागावी, असं कोण म्हणेल? पण याचा अर्थ असा, की तुमच्या मुलाच्या शाळेत काय टिपावं आणि काय टिपू नये, हे सरकार ठरवून देणार नाही. ते शाळा ठरवणार. आणि शाळेला विचारणारे आपणच. काही जबाबदाऱ्या मात्र सूट असली तरी सुटत नाहीत: माहिती सुरक्षित ठेवणं, ती फुटली तर संबंधितांना कळवणं, काम संपल्यावर ती पुसून टाकणं. माहिती सांभाळण्यात हयगय झाली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि ‘ते सगळं त्या कंपनीकडे आहे’ असं म्हणून शाळेला हात झटकता येणार नाहीत; कंपनी शाळेने नेमलेली, तेव्हा जबाबदारी शाळेची.

आता थोडं घरातलं बोलू, कारण हे कार्ड शेवटी आपल्या आणि मुलाच्या मध्ये येऊन बसतं.

‘कार्ड विसरलास ना, म्हणून गैरहजेरी लागली.’ ‘पण मी होतो ना, आई! बाईंनी मला गणित सांगायला उभं केलं होतं!’ असा संवाद एखाद्या घरात झाला, की मुलाला काय कळतं? आपल्या शब्दापेक्षा यंत्राचा शब्द मोठा. दहा वर्षांच्या मुलासाठी हा वाईट धडा आहे. अशा वेळी आपण बिनशर्त मुलाच्या बाजूने उभं राहावं, शाळेला फोन करावा आणि हजेरी दुरुस्त करून घ्यावी, मुलादेखत. यंत्र चुकतं आणि ते दुरुस्त करून घेता येतं, हे त्याला एवढ्या लवकर कळलेलं बरं.

मेसेजची सवय मोठ्यांनाही लागते. मुलगा कॉलेजात गेला, घरची गाडी घेऊन मित्रांबरोबर निघाला, की खालापूरच्या टोलचा मेसेज बाबांच्या फोनवर येतो आणि लगेच फोन, ‘एक्सप्रेसवेवर काय करतोयस?’ फास्टॅग टोल भरायला घेतला होता. पण हाती आलेली माहिती न वापरणं माणसाला फार जड जातं. शाळेचा मेसेज असाच हळूहळू सरकतो: आधी पोचला का, मग उशिरा का पोचला, मग दोन वाजता सुटून पावणेतीनला घरी कसा. ती पंचेचाळीस मिनिटं त्याने कोपऱ्यावर चिंचा-बोरं खात, कुणाच्या तरी सायकलची चेन बसवत घालवलेली असतात. आपण ती घालवली तेव्हा घरी कुणाला पत्ता नव्हता आणि त्यातलं बरंचसं आपण अजून कुणाला सांगितलेलं नाही. बालवाडीतल्या मुलाची रोजची नोंद हवीच. नववीतल्या मुलीची तीच नोंद तशीच ठेवावी का, हे तिला विचारून ठरवावं. काही घरांत मेसेज फक्त मूल पोचलं नाही तरच यावा, असं करून घेतात. बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते. मला ते पटतं. मुलाला कार्डाबद्दल खरं सांगावं, हेही आलंच: हे कशाची नोंद करतं, कशाची नाही आणि मी त्यातलं काय पाहते. चोरून पाहिलेलं त्याला आज ना उद्या कळतंच.

तर सही करण्याआधी शाळेला काय विचाराल? कार्ड टेकवायचं आहे की दुरून वाचलं जातं, यंत्रं नेमकी कुठे बसवली आहेत, स्वच्छतागृहाजवळ एकही नाही ना. चिपमध्ये क्रमांकाखेरीज काय आहे. कंपनी कोणती, तिच्याशी झालेल्या करारात माहिती इतर कुणाला न देण्याची अट आहे का, नोंदी किती दिवसांनी पुसतात आणि मूल शाळा सोडून गेल्यावर काय करतात. एखाद्या पालकाला हे नको असेल, तर त्याच्या मुलाची हजेरी वहीत घेणार का, की ते मूल वर्गात वेगळं पडणार. तुमच्या शाळेत यांतले चार प्रश्न जरी विचारले गेले, तरी मुख्याध्यापक पुढच्या वेळी कंपनीला आधी विचारतील. बऱ्याचदा त्यांनाही कुणी हे सांगितलेलं नसतं; कंपनीचा माणूस सादरीकरण करून जातो आणि शाळा हो म्हणते.

आपल्या राज्यातल्या शुल्क नियमन कायद्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायलाच हवा. म्हणजे हे प्रश्न मांडायला जागा आहे आणि ती योग्य वेळी, कार्डं वाटली जातात त्याच सुमारास, मिळते. एकट्याने उठून बोलायला संकोच वाटत असेल, तर व्हॅनच्या थांब्यावर रोज भेटणारे चौघे मिळून एक अर्ज लिहा. प्रश्न मराठीत, साध्या भाषेत, एका पानावर. कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि उत्तर लेखी येईपर्यंत संमतीपत्र घरीच राहू द्या.